रंगारी बोळातली नऊ मिनिटं

कासार बोळातली आग निंबारी गावात अजून कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी नगरपालिकेचा मोठा बंब बोळाच्या तोंडाशी असलेल्या दगडी कमानीत अडकला. बंबाची रुंदी अडीच मीटर, कमान सव्वादोन. आग तिथून आत सव्वाशे मीटरवर. बंबावरच्या सहा जणांनी नळीची भेंडोळी खांद्यावर घेऊन धाव घेतली, एकाला दुसरं जोडलं, पाणी सोडलं. पण तोवर यंत्रमागाच्या कारखान्यात माडीवर अडकलेली चार माणसं गेली होती. नळीचं तोंड धरून सगळ्यात पुढं धावली होती ती वैजयंता हुल्ले. खिडकीच्या गजांतून बाहेर आलेला एक हात तिनं पाहिला होता. पाणी पोचलं तेव्हा तो हलत नव्हता.

म्हणून वर्षभरानं नगरपालिकेच्या समितीनं तिला छोट्या गाडीबद्दल विचारलं, तेव्हा ती एका दमात बोलली, "छोटी गाडी हवीच, साहेब. बोळात शिरेल अशी. ती असती तर ती चार माणसं आज हिंडताफिरताना दिसली असती."

समितीनं लिहून घेतलं, तिनं सही केली. अहवाल छापून आला तेव्हा त्यात वाक्य होतं, 'प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मते छोटी गाडी पुरेशी आहे.' हवी आणि पुरेशी. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे हे तिला कळायला बराच काळ जायचा होता.

२०३४च्या उन्हाळ्यात दोन गाड्या आल्या. कागदोपत्री त्यांचं नाव 'बहुउद्देशीय लघु अग्निशमन वाहन' असं लांबलचक होतं. गावानं आठवड्याभरात त्याचं 'मुंगूस' करून टाकलं. नाव शोभत होतं. गाडी जेमतेम सव्वा मीटर रुंद, बॅटरीवर चालणारी, आवाज न करता कुठल्याही बोळात सुळकन शिरणारी. तिच्या पोटात पाचशे लिटर पाणी, पत्रा कापणारा जबडा, पडक्या भिंतीखाली सरकवून भिंत उचलायच्या हवेच्या उशा, एक रोगी निजेल एवढी खाट आणि भोवतालच्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र. चालवायला दोन माणसं.

"पाचशे लिटर?" पहिल्या दिवशी सगळे हसले होते. जुन्या बंबात साडेचार हजार लिटर मावायचं.

अग्निशमन अधिकारी फडतरे साहेबांनी त्यांना अंगणात उभं करून समजावलं. पाण्यानं आग विझते ती पाणी ओलं असतं म्हणून नाही, तर वाफ होताना ते आगीची उष्णता ओढून घेतं म्हणून. जाड धारेतलं बहुतेक पाणी वाफ व्हायच्या आधीच भिंतीवरून गटारात जातं. तेच पाणी धुक्याइतकं बारीक केलं तर जवळजवळ थेंब न् थेंब वाफ होतो, आणि ती वाफ पसरून आगीजवळची हवाही हटवते. हे पूर्वीपासून माहीत होतं. अडचण अशी की इतके हलके थेंब गरम झोतापुढं टिकत नाहीत आणि एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे होतात. मुंगसाच्या तोटीत प्रत्येक थेंबाला एकाच जातीचा विद्युतभार दिला जायचा. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून थेंब सुटे राहायचे. आणि भोवती जोराच्या हवेचं कडं असायचं, ते त्यांना आगीच्या पोटापर्यंत घेऊन जायचं. बंद खोलीतली आग पन्नास लिटरमध्ये झोपते, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी ते करूनही दाखवलं. पत्र्याच्या खोलीत पेटवलेलं जुनं फर्निचर वीस सेकंदांत काळं आणि गप्प झालं.

चाकं, पंप, जबडा, ऑक्सिजन, सगळं एकाच बॅटरीवर. कुठल्या क्षणी कशाला किती वीज द्यायची आणि कुठलं काम आधी करायचं, हे ठरवायला गाडीत संगणक होता. तो कॅमेऱ्यांतून उष्णता बघायचा, रोग्याची नाडी मोजायचा, रस्त्यांवरची गर्दी तपासायचा आणि पडद्यावर सूचना द्यायचा. वैजयंताच्या जोडीदारानं, सलीम मुजावरनं, त्याचं नाव ठेवलं कारभारी.

पहिल्या आठ महिन्यांत मुंगसानं गाव जिंकलं. मोमीन गल्लीत सिलिंडर पेटला, तेव्हा वैजयंता चार मिनिटांत दारात होती. थोरला बंब तिथं पोचलाच नसता. ट्रकखाली सापडलेल्या दुधवाल्याचा पाय जबड्यानं पत्रा कापून सोडवला आणि त्याच गाडीच्या खाटेवरून त्याला रुग्णालयात नेलं. बायका तिला रस्त्यात थांबवून चहा द्यायच्या. कारभाऱ्याच्या सूचना तिला पटायच्या. त्यालाही जणू तिचा हात ओळखीचा झाला होता.

फक्त घरात चहा कडू झाला होता.

तिचा नवरा बसवराज बावीस वर्षं थोरला बंब चालवत होता. कासार बोळाच्या त्या कमानीत बंब घुसवायचा प्रयत्न त्यानंच केला होता. बंबाच्या डाव्या अंगाला अजून तो ओरखडा होता. मुंगूस आल्यावर सहा जणांची टोळी मोडली. कुणी पाणीपुरवठ्याला गेलं, कुणी घरपट्टीच्या खिडकीत बसलं. गावच्या दोन रुग्णवाहिकाही 'आता गरज नाही' म्हणून जिल्ह्याला परत गेल्या. थोरला उद्यान विभागाकडे दिला आणि त्याच्याबरोबर बसवराजला.

"आज कुठं?" एका सकाळी वैजयंतानं विचारलं. तो चपला घालत होता.

"वळणरस्त्यावर. दुभाजकातल्या कण्हेरी."

"ऊन फार आहे. टोपी घेऊन जा."

"साडेचार हजार लिटर पाणी, वैजू," तो दाराकडे बघत म्हणाला. "बावीस वर्षं आगीवर मारलं. आता कण्हेरीला घालतोय. फुलं छान येतात."

"अहो, मी पुरेशी म्हटलं नव्हतं. किती वेळा सांगू?"

"सही कुणाची आहे?"

 तो गेला. त्यानंतर चार दिवस दोघं फक्त गॅस संपलाय, किल्ली ठेवलीय, एवढंच बोलत होते.

पाचवा दिवस गुरुवार होता. दुपारी एक वाजून एकतीस मिनिटांनी रंगारी बोळातून फोन आला. वेस्टच्या गोदामाला आग.

वेस्ट म्हणजे मागांवर उरलेलं सूत, तुटके धागे, चिंध्या. बायका ते निवडतात, मग यंत्रावर दाबून त्याचे कमरेएवढे गठ्ठे बांधतात आणि ते गादीवाल्यांना जातात. त्यात कापूस असतो, आणि हल्ली ॲक्रिलिकही असतं. ॲक्रिलिक जळलं की धुरात सायनाइड येतं. सलीमनं वाटेतच श्वासाचा मुखवटा चढवला.

एक पस्तीसला मुंगूस गोदामाच्या दारात उभं होतं. बोळ एवढा अरुंद की दोन्ही बाजूंच्या ओट्यांना गाडीचे आरसे लागत होते. सलीम तोटी घेऊन आत गेला, वैजयंतानं पंप सोडला. पांढरं धुकं आत शिरलं, फुसफुसत पसरलं, आणि छतापर्यंत गेलेल्या ज्वाला बघता बघता खाली बसल्या. तीनशे लिटरमध्ये काम झालं. शेजारच्या चाळीच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग सलीम एका बाईला खांद्यावर घेऊन बाहेर आला. ती गठ्ठे दाबायच्या यंत्रामागं पडली होती. बरोबरच्या बायका धावल्या. "महादेवी! अगं महादेवी!" तिशीची, अंगानं बारीक, पापण्यांवर काजळी. त्यांनी तिला खाटेवर निजवलं, मुखवटा लावला, बोटाला नाडीचा चिमटा अडकवला. ऑक्सिजन सुरू झाला.

एक बेचाळीस. पडद्यावर अक्षरं आली. 'ज्वाला शून्य. रोगी गंभीर, विषारी धूर. तत्काळ रुग्णालय.'

कारभारी चूक सांगत नव्हता. सायनाइडवर नुसत्या ऑक्सिजननं भागत नाही, इंजेक्शन लागतं, आणि ते रुग्णालयात होतं. सहा मिनिटांच्या अंतरावर.

"ताई, तुम्ही घेऊन जा तिला," सलीम म्हणाला. "मी थांबतो इथं."

वैजयंता गाडीत बसायला वळली, आणि सवयीनं तिनं दाराजवळच्या गठ्ठ्यावर तळहात टेकला. गठ्ठा ओला होता, वरून गार. तिनं हातमोजा काढला आणि हात धाग्यांत मनगटापर्यंत खुपसला. आत चुलीच्या राखेत हात घातल्यासारखं लागलं. ती झटक्यानं मागं सरली.

धुकं वरच्या ज्वाला खातं. दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या पोटात ते शिरत नाही. तिथं विस्तव तासन् तास धुमसतो आणि मग एकदम फुटतो. त्याला जाड धार लागते, भिजवत राहणारी, हजारो लिटरची. कारभाऱ्याच्या कॅमेऱ्याला फक्त गठ्ठ्याची ओली, गार कातडी दिसत होती. असे गठ्ठे आत साठेक तरी असतील.

तिनं वर बघितलं. चाळीच्या माडीवर अकरा बिऱ्हाडं. लाकडी जिना एकच, आणि तो गोदामाच्या भिंतीला चिकटून उतरत होता.

"सलीमभाई, वर कोण कोण आहे?"

"दुपारची वेळ. म्हातारी माणसं, पोरं." त्यानं तिच्या बोटांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "आत आहे का?"

"आहे. मी गेले तर पाणी माझ्याबरोबर जाणार. तुम्ही कशानं थांबणार?"

तिनं नियंत्रण कक्षाला विचारलं. दुसरं मुंगूस महामार्गावर होतं. मोटारीत माणूस अडकला होता, जबडा चालू होता, अर्धा तास तरी लागेल. रुग्णवाहिका जिल्ह्याहून, पस्तीस मिनिटं. रिक्षात घालून न्यावं तर ऑक्सिजनचं यंत्र गाडीच्याच अंगात बसवलेलं, सुटं निघत नव्हतं. बाजारातून ऑक्सिजनशिवाय नेलेलं माणूस पोचलं नसतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"काय?"

"रंगारी बोळ. वेस्टचं गोदाम, आत धुमसतंय. थोरला घेऊन या. पाणी किती आहे?"

 "निम्मं."

"आगीच्या नळ्या तर भांडारात गेल्या ना?"

"पाच भेंडोळी माझ्या सीटखाली आहेत. जमा नाही केली मी. निघालो."

पडद्यावर सूचना लुकलुकत होती. तिनं 'नाकारा' दाबलं. कारभाऱ्यानं कारण विचारलं आणि चार पर्याय दिले: रस्ता बंद, वाहनात बिघाड, रोगी मृत, इतर. तिनं 'इतर' दाबलं आणि तोटी उचलली.

सलीम जिन्याकडे पळाला. "उतरा! सगळे खाली उतरा! भांडी राहू द्या!" वरची माणसं ऐकेनात. आग तर विझली होती, त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. एक म्हातारी कुलूप शोधत होती.

खाटेवर महादेवीनं डोळे उघडले. वैजयंता तिच्यापासून दोन हातांवर होती, पाठ तिच्याकडे, तोटी गोदामाकडे.

"किती वाजले?" महादेवीनं मुखवट्याआडून विचारलं.

"पावणेदोन होतील आता."

"दोनला सुट्टी," ती म्हणाली आणि डोळे मिटले. तिची मैत्रीण तिचे तळवे चोळत होती.

एक सेहेचाळीसला मधला गठ्ठा फुटला. आवाज मोठा नव्हता, जाड कापड फाडल्यासारखा. पण आतून पिवळा जाळ उठला आणि सरळ भिंतीवर चढला. त्यापाठोपाठ दुसरा, तिसरा. दार उघडं, छताला भोक पडलेलं, वारा आत खेळत होता; धुकं आता आगीवर ठरेना, उडून जाऊ लागलं. वैजयंतानं आगीचा नाद सोडला. तिनं तोटी जिन्याकडे वळवली आणि जिना व भिंत यांच्यामध्ये धुक्याचा पडदा धरला. पाणी एकशे नव्वद लिटर. ती ते जपून सोडत होती, श्वास रोखून धरावा तसं.

त्या पडद्याआडून माणसं उतरली. शाळेत न गेलेली पोरं, एक आंधळे आजोबा खुर्चीसकट, नऊ दिवसांची बाळंतीण, तिच्या मागं पायरी पायरीवर बसत सरकणारी तिची आई. सलीम पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मागं नाडी मोजणाऱ्या यंत्राची बारीक टिकटिक चालली होती. वैजयंतानं आकडा बघितला नाही. बघितला असता तर हात हलला असता.

टाकी चाळीस लिटरवर आली तेव्हा बोळाच्या तोंडाशी थोरल्याचा भोंगा वाजला. बसवराज एकटाच नव्हता. झाडांना पाणी घालणाऱ्या दोन बायका आणि शेजारच्या कारखान्यांतले मागवाले खांद्यावर नळी घेऊन धावत येत होते, आणि तो सगळ्यांत पुढं, भेंडोळी सोडत, जोड आवळत, ओरडत. नळी फुगली. मनगटाएवढी धार गठ्ठ्यांवर पडली आणि काळ्या वाफेचा लोट उठला.

त्यानं गाडीतल्या खाटेकडे बघितलं, मग बायकोकडे. "जा!" तो किंचाळला. "उभी काय राहिलीस? जा!"

तेव्हा एक वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

महादेवी शनिवारी पहाटे गेली. इंजेक्शन दिलं होतं, पण मेंदूला बसायचा मार बसून गेला होता.

चौकशी दुसऱ्या आठवड्यात झाली. कारभाऱ्याची नोंद वाचली गेली. सूचना एक बेचाळीस, प्रस्थान एक एक्कावन्न, कारण इतर. डॉक्टरांचं मत वाचलं गेलं, की रोगी नऊ मिनिटं आधी आली असती तर वाचण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती. चाळीतल्या सव्वीस माणसांबद्दल नोंदीत एक ओळही नव्हती. कारभाऱ्याच्या हिशेबी जिना धोक्यात आलाच नव्हता, कारण जिना त्याच्या कॅमेऱ्याच्या पाठीमागं होता.

मधल्या सुट्टीत फडतरे साहेबांनी वैजयंताला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, तिला वाचवू बघत होता. "धुक्यानं गाडीतला पडदा झाकोळला होता, सूचना दिसली नाही, असं लिहून द्या. प्रकरण तिथंच मिटेल."

"दिसली होती, साहेब. वाचली होती मी."

"मग त्या नऊ मिनिटांचं काय सांगणार?"

"जे झालं ते. गाडी वाईट नाही. तिच्याशिवाय मी चार मिनिटांत तिथं पोचलेच नसते, महादेवी आतच राहिली असती. पण गाडी एकटी आहे. पंप तीच, दवाखान्याची गाडी तीच. तिला एकाच वेळी दोन ठिकाणी जाता येत नाही, आणि कुठं जायचं नाही ते मग माझ्यासारखीला ठरवावं लागतं. हे तुम्ही लिहून घ्या. आणि या वेळी मी वाचूनच सही करीन."

तिला ताकीद मिळाली. महिन्याभरात थोरला उद्यान विभागातून परत आला, चार माणसांसह. एक रुग्णवाहिकाही जिल्ह्याहून परत मागवण्यात आली. बसवराजनं थोरला धुऊन पुसून मुंगसाशेजारी उभा केला. गाव म्हणालं, हुल्ले नवरा-बायकोनं चाळ वाचवली. चाळीतल्या बाळंतिणीनं बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे पाठवले, ते वैजयंतानं उघडलेही नाहीत.

तिला झोप लागेना असं नव्हतं, तिला बसवेना. भाजी चिरता चिरता ती उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. बसवराज तिच्याकडे बघायचा आणि काही न बोलता नजर वळवायचा. तिला वाटलं, अजून राग धरलाय. शेवटी एका रविवारी तिनं विळी बाजूला सारली. "आता काय राहिलंय? थोरला मिळाला ना परत? का बोलत नाही माझ्याशी?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. "तुझा पहिला फोन वाजला तेव्हा मोबाइल माझ्या हातात होता," तो म्हणाला. "नाव बघितलं. म्हटलं, वाजू दे. दुसऱ्यांदाही लगेच उचलला नाही. दीड मिनिट तरी गेलं असेल, वैजू. मी मोजलंय. रोज मोजतो."

  तिला रागवावं असं फार वाटलं, पण बोट दाखवायला हात उचलावा तर तिच्या वाट्याला त्याच्याहून जास्त मिनिटं होती. ती उठून अंगणात गेली आणि बराच वेळ तिथं येरझाऱ्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अग्निशमन केंद्राच्या फाटकात एक म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं इरकली लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. ती महादेवीची आई होती, सत्यव्वा. चौकशीच्या वेळी ती मागच्या बाकावर बसून होती.

"गाडी चालवणारी बाई तूच का?"

"हो, मावशी. बसा."

"बसायला आले न्हाई. नऊ मिनिटं काय केलंस, ते मला दाखव. सायेब लोकांनी वाचलं ते मला कळलं न्हाई."

वैजयंता तिला रंगारी बोळात घेऊन गेली. बसवराज न बोलावता मागून आला. गोदामाच्या जागी काळी भिंत आणि आभाळ होतं. वैजयंतानं गाडी कुठं होती ते दाखवलं, खाट कुठं होती, ती स्वतः कुठं उभी होती. गठ्ठ्यातल्या विस्तवाबद्दल सांगितलं, जिन्याबद्दल सांगितलं. काही झाकलं नाही. महादेवीनं वेळ विचारली होती, हेही सांगितलं.

"दोनला सुट्टी म्हणाली?" सत्यव्वानं विचारलं.

"हो."

म्हातारीनं मान हलवली. जिन्यावर आंधळे आजोबा उन्हाला बसले होते. गॅलरीत बाळाची दुपटी वाळत होती. तिनं एकेक दार डोळ्यांनी मोजलं, अकरापर्यंत.

"हितली सगळी हायती," ती म्हणाली. "चांगलं झालं. पर माझी न्हाई ना."

"नाही, मावशी. ती नऊ मिनिटं मी घेतली."

"दीड मिनिट मी," बसवराज मागून म्हणाला.  "हिच्यावर राग होता. फोन उचलला नाही."

सत्यव्वा त्याच्याकडे वळली. मागांचा खडखडाट चारी बाजूंनी चालू होता. ती आता ओरडेल, निदान शाप देईल, असं वैजयंताला वाटलं, आणि तिनं ते करावं असंही वाटलं. म्हातारीनं फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझी धाकटी हाय," ती म्हणाली. "रेणुका. देवांग बोळात वेस्टवरच कामाला जाती. आज बी गेली. सांगून ऐकत न्हाई, खायचं काय म्हणती. ह्यो बोळ तुम्ही दाखवलासा. आता त्यो बोळ दाखवा. तिथं आग लागली तर तुमच्या दोन्ही गाड्या येतील का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. देवांग बोळ रंगारी बोळाहून अरुंद, शेवटाला वळण घेणारा. मुंगूस शिरेल हे वैजयंताला ठाऊक होतं. थोरल्याची नळी पोचेल का, हे कुणी कधी बघितलंच नव्हतं.

ते तिघं तिकडे चालत गेले. बोळाच्या तोंडाशी, जिथवर थोरला येऊ शकेल तिथं, बसवराजनं भिंतीवर विटकरीनं रेघ ओढली आणि मोठमोठ्या टांगा टाकत आत निघाला. वैजयंता त्याच्या शेजारून आकडे मोजत होती, मोठ्यानं. बायका दारात येऊन बघू लागल्या. सत्यव्वा मागून येत होती, ओठांतल्या ओठांत तेच आकडे म्हणत. वळण गेलं, शाळेची मागची भिंत गेली. पत्र्याच्या गोदामाच्या दाराशी ते थांबले, तेव्हा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर होता. आतून बायकांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता.

"टांग एक मीटरची धरली तर?" वैजयंतानं विचारलं.

"पाच भेंडोळी. दीडशे मीटर." बसवराजनं कपाळावरचा घाम पुसला. "पुरत नाही."

सत्यव्वा गोदामाच्या दाराकडे बघत उभी होती.

"पलीकडून वाट असेल," वैजयंता म्हणाली. ती आधीच वळली होती. "शाळेच्या अंगणातून. चला, तिकडून मोजू."

आणि ती चालू लागली, एकपासून पुन्हा मोजत, इतक्या भराभर की मागच्या दोघांना धावावं लागलं.